पाऊणपटीच्या हिशेबाने खाडीत

कोकणातल्या खाडीत शिरायचे असेल, तर नकाशाआधी पंचांग पाहावे लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते; चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. किनाऱ्यावरच्या या जुन्या गणितामागे खगोलशास्त्र आहे. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते आणि पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटे. पंधरवड्यात साठणारी चूक तासाभराची असते, आणि पौर्णिमा-अमावास्येला हिशेब नव्याने सुरू होत असल्याने ती त्यापुढे वाढत नाही. होडी हाकणाऱ्याला एवढी अचूकता पुरते.

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या खाडीत आम्ही द्वादशीला गेलो, म्हणजे भरती नऊच्या सुमारास. आठ वाजता होडी फाट्यात शिरली, तेव्हा कांदळवनाचे, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या झाडीचे, फक्त शेंडे दिसत होते आणि वल्हे कुठेही तळाला लागत नव्हते. काठावरच्या चिप्पीची फुले रात्री उमलतात आणि सकाळपर्यंत त्यांचे पांढरे पुंकेसर गळून पडतात. ते पाण्यावर तरंगत होडीबरोबर आत येत होते. हीच पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित झाली.

दुपारी एकनंतर पाणी उतरले आणि सकाळी ज्यावरून होडी गेली होती, तिथे आम्ही गुडघाभर चिखलात चालू लागलो. सकाळची खाडी आणि ही खाडी एकच आहे, हे पटायला वेळ लागतो. चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतो, कारण त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगताना हायड्रोजन सल्फाइड सोडतात. अशा जमिनीत मुळांनी श्वास घ्यायचा कसा? कांदळवनातल्या तिवर या झाडाने त्यासाठी पेन्सिलीएवढी मुळे चिखलातून उभी वर काढलेली असतात, हजारोंनी. त्यांच्यावर बारीक छिद्रे असतात. भरतीत ती पाण्याखाली जातात, आतला प्राणवायू खर्च होत जातो आणि मुळातला दाब उतरतो. ओहोटीला छिद्रे उघडी पडताच बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. या मुळांवर पाय देणे म्हणजे झाडाचे नाक ठेचणे, म्हणून इथे पाऊल जपूनच टाकावे.

तिवराचे पान जिभेला लावले तर खारट लागते. पानांवरच्या ग्रंथी जास्तीचे मीठ बाहेर टाकतात. कांदळ मात्र बरेचसे मीठ मुळाशीच गाळून अडवतो. त्याचे बी झाडावरच रुजते आणि हातभर लांबीचा हिरवा दांडा होऊन लोंबत राहते. ओहोटीत गळले तर चिखलात रुतून तिथेच उभे राहते, भरतीत गळले तर तरंगत दुसऱ्या काठाला लागते.

सगळ्यात करमणूक निवट्यांची. हा मासा ओहोटीत पाण्याबाहेर पडून चिखलावर उड्या मारतो, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वास घेतो, आणि मधूनच डोळे आत ओढून ओले करून घेतो. त्याच्या काही जाती तर तोंडात हवा भरून बिळात नेऊन ठेवतात, कारण बिळातल्या पाण्यात अंड्यांना प्राणवायू पुरत नाही.

एक निवटा बिळाच्या तोंडाशी बसला होता आणि मी वाकून त्याच्याकडे पाहत होतो. तेवढ्यात मागून हाक आली, "पाणी चढता हा, भायर येवा!" मला तर चिखल तसाच दिसत होता. मग खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे येऊ लागले, निवटे एकेक करून मुळांवर चढले, आणि आम्ही होडीत बसेपर्यंत आमच्या पावलांचे खड्डे पाण्याने भरले होते.