चाचणी-संगीत (घरगुती स्टीरिओ संचाचे)

घरगुती स्टीरिओ संचाचे गुणदोष कानांनी पारखण्यासाठी निवडलेले ध्वनिमुद्रित तुकडे. संच म्हणजे येथे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, ध्वनिस्रोत आणि ते ज्या खोलीत मांडले आहेत ती खोलीही. रूढ वापरात एक भेद बहुधा पाळला जात नाही, तो या नोंदीत पाळला आहे. संच उत्तम वाजतो हे दुसऱ्याला पटवण्यासाठी लावतात ती प्रात्यक्षिक रचना. संचात काय उणे आहे हे स्वतःला कळावे म्हणून लावतात ती चाचणी-रचना. पहिली कानाला सुखावणारी असावी लागते. दुसरीला तशी काही अट नाही.

उगम : या प्रथेची सुरुवात कोठून धरावी याविषयी तीन मते आढळतात. पहिले मत तिचा आरंभ एडिसनच्या कंपनीने सुमारे १९१५ पासून अमेरिकेत भरवलेल्या ‘टोन टेस्ट’ कार्यक्रमांत पाहते. गायिका मंचावर ध्वनिमुद्रिकेबरोबर गात असे, मध्येच थांबे आणि यंत्र पुढे चालू राही. कधी सभागृहातले दिवे मालवले जात आणि आवाज कोणाचा हे श्रोत्यांनी ओळखायचे असे. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही असा कार्यक्रम झाला. मात्र यात वाजवण्यासाठी काय निवडले गेले ते पाहण्याजोगे आहे : मुख्यतः एकल आवाज आणि सोबतीला बेताची वाद्ये. विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या (१९२५ पूर्वीच्या) तंत्रात खर्ज आणि तार या दोन्ही टोकांचे ध्वनी फारसे उमटत नसत. एकल आवाजात ती उणीव कमी जाणवते. या कार्यक्रमांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी, आपण आवाज यंत्राच्या बेताने लावत होतो, असे उतारवयात सांगितले. यंत्राच्या मर्यादा झाकतील अशी निवड आणि गायिकेचे सहकार्य या दोन्ही गोष्टी लक्षात घेता ही परंपरा प्रात्यक्षिकाची ठरते, चाचणीची नव्हे.

दुसरे मत १९५० च्या दशकातील ‘हाय-फाय’ छंदाकडे बोट दाखवते. १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी आली आणि घरातल्या घरात बराच रुंद स्वरपट ऐकता येऊ लागला. एमरी कुक या अमेरिकी अभियंत्याने १९५१ च्या सुमारास वाफेच्या आगगाड्यांच्या आवाजांची तबकडी काढली आणि ती छंदिष्टांत गाजली. इंग्लंडचे स्पीकर-निर्माते गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, तर पुढच्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये, मंचावरचे वादन आणि त्याचे ध्वनिमुद्रण आळीपाळीने ऐकवले. पुढे एडगर व्हिल्चर यांच्या अमेरिकी स्पीकर-कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेट या चौकडीला घेऊन असेच कार्यक्रम केले. बहुतेक लोकप्रिय इतिहास हाच कालखंड स्वीकारतात. आगगाडीची निवड वाटते तेवढी बालिश नव्हती. वाफेच्या फुत्कारापासून रुळांच्या गडगडाटापर्यंत सगळा पट तीत होता आणि मूळ आवाज ऐकणाऱ्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

तिसरे मत कमी प्रचारात आहे, पण तेच अधिक ग्राह्य वाटते. अ‍ॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ च्या अखेरीस स्टीरिओ पद्धतीच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला. ते १९३३ मध्ये मंजूर झाले. पुढच्या प्रयोगांत माणसे मंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत चालत गेली आणि त्यांचे ध्वनिमुद्रण, काही वेळा चित्रीकरणही, झाले. कलादृष्ट्या या नोंदींना काही मोल नाही. पण आवाज कोठून यायला हवा याचे उत्तर आधीच ठाऊक होते, आणि चाचणीला तेच लागते. हे प्रयोग घरगुती संचासाठी नव्हते हा आक्षेप खरा आहे. तरीही ‘बरोबर उत्तर माहीत असलेली नोंद’ ही कल्पना येथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

स्टीरिओ तबकड्या १९५७–५८ मध्ये बाजारात आल्यावर मात्र प्रात्यक्षिकाचीच सरशी झाली. टेबल टेनिसचा चेंडू डावीकडून उजवीकडे टोलवणे, तालवाद्ये या स्पीकरातून त्या स्पीकरात उडवणे, असे प्रकार बोकाळले. इनॉक लाइट यांच्या १९५९ पासूनच्या तालवाद्यांच्या तबकड्या त्यांत सर्वाधिक खपल्या. अशा तुकड्यातून दोन्ही स्पीकर चालू आहेत एवढेच सिद्ध होते. याच वळणावरचे पुढचे ठळक उदाहरण म्हणजे टेलार्क कंपनीची १९७९ ची चायकोव्हस्कीच्या ‘१८१२’ या रचनेची तबकडी. तीत खऱ्या तोफांचे आवाज अंकीय (डिजिटल) पद्धतीने मुद्रित केले होते आणि त्या जागी खाचा इतक्या हेलकावतात की अनेक पिकअपांच्या सुया उडून बाहेर पडत. सुईची पकड तपासायला हा तुकडा उत्तम होता. स्पीकरच्या स्वररंगाविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

प्रमाण कोणते : चाचणीचा तुकडा कशाशी ताडून पाहायचा, हा या विषयातला खरा वाद. हॅरी पिअरसन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘द अ‍ॅब्सोल्यूट साउंड’ या अमेरिकी नियतकालिकाने प्रमाण म्हणून विद्युतवर्धनाशिवाय, खऱ्या जागेत वाजलेले संगीत मानले. म्हणून त्या संप्रदायाच्या याद्यांत पियानो, व्हायोलिन, वाद्यवृंद यांचा भरणा असतो. इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या एका गटाने याउलट स्वररंग बाजूला ठेवला. चाल सहज मनात गुणगुणता येते का, एवढेच विचारले. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी पहिल्या मताची मुख्य अडचण दाखवून दिली : ध्वनिमुद्रण करणारा अभियंता स्वतःच्या स्पीकरवर ऐकून स्वर जुळवतो आणि आपण त्याच ध्वनिमुद्रणाने आपला स्पीकर जोखतो. दोन्ही टोके सैल असल्याने फेरा मिटत नाही. याला त्यांनी ‘गोंधळाचे वर्तुळ’ म्हटले. पियानो ‘खरा’ वाटतो की नाही हे मायक्रोफोन कोठे ठेवला होता यावरही तितकेच अवलंबून असते.

टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून केलेल्या तुलनांतून निघालेला निष्कर्ष छंदिष्टांना फारसा रुचलेला नाही. एकल वाद्य किंवा नुसते बोलणे यांवरून श्रोत्यांना स्पीकरांतले फरक कमी ओळखू येतात. दाट, रुंद पटाचे आणि अखंड चालणारे संगीत अधिक उपयोगी पडते आणि गुलाबी गोंगाट, म्हणजे प्रत्येक सप्तकात समान ऊर्जा असलेला सळसळाट, सर्वांत उपयोगी. गाण्यांपैकी ट्रेसी चॅपमन यांचे ‘फास्ट कार’ वरच्या क्रमांकात आले. कारण गूढ नाही. स्पीकरच्या पेटीत एखाद्या कंप्रतेवर (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर) नको तो अनुनाद असेल, तर तो जागा व्हायला संगीतात ती कंप्रता असावी लागते. एकल बासरीत ती कदाचित येणारच नाही, आणि आली तरी क्षणभर. या हिशेबाने जवारी नीट काढलेला तंबोरा हा एकट्या वाद्यांतला अपवाद म्हणता येईल : स्थिर, अखंड आणि स्वयंभू स्वरांनी (मूळस्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांनी) गच्च. याद्यांत मात्र तो क्वचितच दिसतो.

खर्ज आणि खोली : चाचणी-संगीताबद्दलचे बहुतेक गैरसमज येथे आहेत. डबल बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते, पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झवर, आणि मोठ्या ऑर्गनची ३२ फुटी नळी सुमारे १६ हर्ट्झवर, जेथे ऐकण्यापेक्षा अंगावर जाणवणेच अधिक. लहान स्पीकर ४१ हर्ट्झचा मूळस्वर जवळजवळ काढतच नाही, तरी श्रोत्याला डबल बास ऐकल्याचे समाधान मिळते. कारण वरच्या स्वयंभू स्वरांवरून मेंदू हरवलेला मूळस्वर भरून काढतो. म्हणून ‘खर्ज आहे का’ हा प्रश्न निकामी. खालचे सर्व स्वर सारख्याच जोराने येतात का, हे विचारावे. त्यासाठी एकसुरी ठोका नको; पायरीपायरीने चढत-उतरत जाणारी, जॅझमधली चालती बास-ओळ हवी.

येथे खोली आडवी येते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४ मीटर अंतर असेल तर पहिला अनुनाद सुमारे ४३ हर्ट्झवर येतो (ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद, भागिले अंतराची दुप्पट). परिणामी डबल बासचे तळाचे एक-दोन स्वर फुगतात आणि त्यांच्या वरचे पडतात. दोष कोणाचा हे ठरवण्याची युक्ती साधी आहे : तोच तुकडा लावून खुर्ची मीटरभर पुढे-मागे सरकवावी. फुगवटा जागा बदलत असेल तर खोलीचा. सर्वत्र तसाच राहत असेल तर बहुधा स्पीकरचा. एकाच खुर्चीत बसून लिहिलेले खर्जाचे निकाल या कारणाने जपूनच वाचावेत.

मानवी आवाज : कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतात आणि दोन युनिटांच्या (खालच्या आणि वरच्या स्वरांसाठी वेगळे ध्वनिघटक असलेल्या) पुष्कळ स्पीकरांत खालच्या युनिटाकडून वरच्याकडे काम सोपवले जाते तेही २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास. ही सांधेजोड बिघडली तर ओळखीच्या माणसाचा आवाज नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखा वाटतो. स-श-च यांचा उग्रपणा मुख्यतः ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतो. मूळ ध्वनिमुद्रणातच तो असण्याची शक्यता मोठी, म्हणून एका गाण्यावरून निकाल देऊ नये. मध्यभागी मुद्रित केलेला आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधून, जणू तेथे तिसरा स्पीकर आहे असा, यावा. तो मधून न येता सगळीकडे पसरला आणि खर्जही पातळ झाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या असतात. हा दोष वाटतो त्याहून बराच सामान्य आहे.

इतर क्षेत्रांतून आलेले तुकडे : युरोपीय प्रक्षेपण संघाने (ईबीयू) १९८८ मध्ये काढलेल्या ‘स्क्वाम’ तबकडीतली कॅस्टनेट वाद्ये आणि ग्लॉकेनश्पील, तसेच सुझॅन व्हेगा यांचे निव्वळ आवाजातले ‘टॉम्स डायनर’, जे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी एमपी३ विकसित करताना वापरले, हे तुकडे अनेक याद्यांत दिसतात. ते ध्वनिसंकोचनातले (ध्वनीची फाइल लहान करण्याच्या प्रक्रियेतले) दोष उघडे पाडतात, उदा. कॅस्टनेटच्या टोल्याच्या आधीच ऐकू येणारी पुसट सळसळ. स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करताना त्यांचा फारसा उपयोग नाही. प्रतिष्ठेपोटी ते यादीत राहिले आहेत इतकेच.

पातळी आणि आवृत्ती : दोन संचांत एखाद्या डेसिबलचाही फरक असेल तर मोठा वाजणारा बहुधा ‘अधिक स्पष्ट’ वाटतो, काटेकोर तुलनेत पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवतात. शिवाय फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे हळू वाजवताना कानाला खर्ज कमी भासतो, त्यामुळे तोच तुकडा दोन पातळ्यांवर दोन वेगळे निकाल देतो. १९९० च्या दशकापासून अनेक गाणी पुन्हा मास्टर करताना (प्रकाशनासाठी नव्याने अंतिम रूप देताना) त्यांचा लहान-मोठ्या आवाजातला पल्ला दाबला गेला. म्हणून केवळ गाण्याचे नाव सांगणे अपुरे, आवृत्तीही सांगावी लागते. प्रवाहसेवांवर (स्ट्रीमिंगवर) आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय चाचणीपुरती बंद ठेवतात. स्वररंगाची स्मृती फार अल्पजीवी असल्याने तुकडे २०–३० सेकंदांचे, लगेच पुन्हा लावता येतील असे घेतात.

तबकडीवादक : येथे दोन खास कसोट्या आहेत. पियानोचे लांबलेले स्वर फिरण्याच्या गतीतली थरथर लगेच उघड करतात. व्हायोलिनच्या कंपनात ती लपून जाते. दुसरी कसोटी तबकडीच्या आतल्या खाचांची. कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर वेगाने सरकते, केंद्राजवळ जेमतेम २० ते २१, आणि तार स्वर तेथे दाटीने कोरले जातात. म्हणून स-श तपासायचे ते बाजूच्या शेवटच्या गाण्यावर. सिंफनीचा सर्वांत जोरकस शेवटही नेमका तेथेच येऊन पडतो.