कोडिंगच्या तासाला मोबाइल चालत नाही?

‘मोबाइल म्हणजे गेम आणि रील्स, कोडिंग शिकायचं तर मोबाइल दप्तरातच बरा.’ पालकसभांमध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक हॅल एबलसन यांच्या पुढाकारातून गूगलमध्ये ‘ॲप इन्व्हेंटर’ हे स्वतःचं मोबाइल ॲप बनवायचं साधन तयार झालं. 2010 मध्ये ते लोकांसमोर आलं आणि 2012 पासून एमआयटी ते चालवते, तेही मोफत. संगणकाच्या ब्राउझरमध्ये सूचनांचे रंगीत ठोकळे जोडायचे, फोनवरच्या साथीदार ॲपने क्यूआर कोड स्कॅन करायचा, की आपलं ॲप हातातल्या फोनवर सुरू. सुरुवातीचा एक धडा मांजराचा आहे: चित्रावर बोट टेकवलं की म्याँव. मग ‘फोन हलवला की’ हा ठोकळा जोडायचा आणि फोन खरोखर हलवून बघायचा. घटना घडली की कोड चालतो, ही गोष्ट फळ्यावर समजावताना दमछाक होते. इथे ती मुलांच्या मुठीत घडते. ठोकळा चुकला तर मांजर गप्प, आणि चूक शोधायला मुलं स्वतःच सरसावतात!

आक्षेपात तथ्य आहे ते एवढंच, की लांबलचक कोड फोनच्या कीबोर्डवर टाइप करणं जिकिरीचं आहे आणि नोटिफिकेशन लक्ष उडवतात. त्यासाठी नोटिफिकेशन बंद ठेवा, दोघातिघांत एक फोन द्या. प्रत्येकाकडे फोन असायची गरजच नाही. उलट जोडीने बसलेली मुलं एकमेकांना प्रश्न विचारतात, आणि तास रंगतो तो तिथेच.