राजकीय व धार्मिक मतांमागील मनोव्यापार

माणूस एखादे राजकीय किंवा धार्मिक मत कसे स्वीकारतो, कसे जपतो आणि विरुद्ध पुरावा समोर आल्यावर त्या पुराव्याचे काय करतो, हा सामाजिक मानसशास्त्रातील एक मोठा अभ्यासविषय. मत खरे की खोटे, याचा निकाल हा अभ्यास देत नाही. तो पाहतो ते मत धरून ठेवण्याची रीत. आणि ती रीत सर्व पक्षांत, पंथांत व नास्तिकांतही बरीचशी सारखी दिसते.

निरीक्षण जुने आहे. एकदा मत बनले की बुद्धी बाकी सारे त्याच्या बाजूने ओढून घेते, असे फ्रान्सिस बेकनने ‘नोव्हम ऑर्गनम’ (१६२०) या ग्रंथात नोंदवले. त्याने दिलेला दाखला असा : नवस बोलून जहाजफुटीतून वाचलेल्यांची चित्रे देवळात दाखवली, तेव्हा एकाने विचारले, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? १९६० मध्ये पीटर वेसनने हीच सवय प्रयोगात पकडली. २, ४, ६ हे आकडे कोणत्या नियमात बसतात ते शोधा, असे त्याने सांगितले. नियम होता केवळ चढत्या क्रमाचा. बहुतेकांनी ‘दोन-दोनने वाढणाऱ्या संख्या’ असा काहीतरी अंदाज बांधला आणि त्याला जुळणारीच उदाहरणे तपासली. अंदाज मोडेल असे उदाहरण फार थोड्यांना सुचले. याला पुष्टिकारक पूर्वग्रह म्हणतात.

वेसनच्या कोड्यात कुणाचे काही पणाला लागलेले नव्हते. राजकारणात आणि धर्मात ते लागते. झिवा कुंडा यांच्या मांडणीनुसार (१९९०) माणूस मनाला येईल ते बेधडक मानत नाही. आपण निःपक्षपाती आहोत हे स्वतःला पटेल इतके समर्थन त्याला जमवावे लागते. थॉमस गिलोविच यांनी हे नेमकेपणाने टिपले आहे : गोष्ट आवडती असली की ‘हे मानता येईल का?’ असे आपण विचारतो, नावडती असली की ‘हे मानायलाच हवे का?’ दुसऱ्या प्रश्नाची चाळणी पहिल्यापेक्षा कितीतरी बारीक.

स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९७९ मध्ये ही चाळणी प्रत्यक्ष दाखवली. फाशीच्या बाजूचे २४ आणि विरोधातले २४ विद्यार्थी घेऊन त्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. एकात फाशीने गुन्हे घटतात असा निष्कर्ष, दुसऱ्यात उलट. प्रत्येक गटाला आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला आणि दुसऱ्यात पद्धतीचे दोष सापडले. दोन्ही वाचून झाल्यावर आपले मूळ मत आणखी पक्के झाले, असेच त्यांनी सांगितले. (मत असे पक्के होणे पुढच्या प्रयोगांत नेहमी आढळले नाही, पुरावा तोलण्यातला दुजाभाव मात्र वारंवार आढळतो.)

या दुजाभावाचे मूळ बरेचसे आपलेपणात आहे. मत बदलले की कधीकधी माणसे तुटतात, आणि ती किंमत थोडी नसते. जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे गरिबांसाठीच्या मदतीची योजना ठेवली. योजनेत काय आहे यापेक्षा ती कोणत्या पक्षाची आहे यावर पसंती ठरली : आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. आपण योजनेचे गुण पाहूनच ठरवले, असे मात्र सहभागी मनापासून सांगत होते.

धार्मिक श्रद्धेच्या बाबतीत आणखी काही प्रवृत्ती पुढे येतात. डेबोरा केलेमन यांच्या अभ्यासात लहान मुलांना, खडक टोकदार असतात ते प्राण्यांना अंग खाजवता यावे म्हणून, अशी हेतू सांगणारी स्पष्टीकरणे अधिक पटली. सृष्टीमागे हेतू पाहण्याचा हा कल श्रद्धेला अनुकूल ठरत असावा. पण कल कुठून आला हे कळल्याने श्रद्धेचा विषय खोटा ठरत नाही, आणि अश्रद्धेलाही मानसिक कारणे असतात. संशोधकही यातून सुटलेले नाहीत. विश्लेषक विचाराला चालना दिली की धार्मिक श्रद्धा घटते, असा निष्कर्ष २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि गाजला. त्यातील एका प्रयोगात रोदँच्या ‘विचारवंत’ या शिल्पाचे चित्र दाखवले होते. तो प्रयोग पुन्हा केल्यावर परिणाम मिळाला नाही.

झुकाव एकाच बाजूचा असतो का? पीटर डिट्टो व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ५१ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात उदारमतवादी आणि परंपरावादी यांच्यातला पक्षपात जवळपास सारखाच निघाला. पूर्वग्रह इतरांत चटकन दिसतो आणि स्वतःत दिसत नाही, यालाही एमिली प्रोनिन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नाव दिले : पूर्वग्रहाचा अंधबिंदू.

तरी माणूस अगदीच बधिर नाही. चूक दुरुस्त करायला गेले की लोक उलट तिलाच अधिक चिकटतात, ही २०१० नंतर फार पसरलेली समजूत आहे. थॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी ५२ मुद्द्यांवर ती तपासली, तेव्हा बहुतेक लोकांनी दुरुस्त माहिती स्वीकारली. फाशीचा प्रयोग करणाऱ्या लॉर्ड आणि लेपर यांनीही एलिझाबेथ प्रेस्टन यांच्यासह १९८४ मध्ये उपाय शोधला. ‘निःपक्षपाती राहा’ या सूचनेचा उपयोग झाला नाही. ‘याच अभ्यासाचा निष्कर्ष उलट असता, तर तुम्ही त्याला हेच गुण दिले असते का?’ हा प्रश्न विचारल्यावर मात्र पक्षपात स्पष्टपणे घटला.