एकशेवीस गोळ्यांची किंमत

यकृताच्या कर्करोगावर 'नेक्साव्हार' नावाचं औषध आहे. दिवसाला चार गोळ्या, महिन्याला १२०. २०१२ साली बायर कंपनीच्या या १२० गोळ्यांना २,८०,४२८ रुपये पडत. घर विकलं तरी किती महिने पुरणार?

अशी किंमत लावता येते ती पेटंटमुळे. आपल्या १९७० च्या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतंच, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होतं. पद्धत बदलून तोच रेणू आपल्या कंपन्या स्वस्तात बनवत. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर 'ट्रिप्स' हा पेटंटसारख्या बौद्धिक संपदा हक्कांचा करार आला. पेटंट २० वर्षांचं, आणि ते औषधांनाही. भारताने २००५ मध्ये कायदा बदलला.

मात्र त्याच करारात एक वाट मोकळी आहे: सक्तीचा परवाना. औषध रास्त भावात मिळत नसेल, तर दुसऱ्या कंपनीला ते बनवू देता येतं. मूळ कंपनीला रॉयल्टी मिळते. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी मुंबईतून हैदराबादच्या नॅटकोला असा परवाना दिला. त्याच १२० गोळ्या ८,८८० रुपयांत! बायर कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला. मला हा निर्णय आपल्या आरोग्य धोरणातला फार मोलाचा वाटतो. दुःख एवढंच, की असा परवाना त्यानंतर आपण पुन्हा एकदाही दिला नाही.

आता दबाव येतो तो दोन देशांमधल्या मुक्त व्यापार करारांतून. वाटाघाटींत एक मागणी पुन्हापुन्हा डोकं वर काढते: औषध-चाचण्यांच्या माहितीवर काही वर्षांचा एकाधिकार. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण जेनेरिक कंपनी, म्हणजे मूळ औषधाचीच स्वस्त आवृत्ती बनवणारी कंपनी, रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्या नव्याने करत नाही. आपली गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते, एवढं ती दाखवते; बाकी भिस्त मूळ चाचण्यांवर. ती माहिती वापरायला बंदी आली, तर सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतील. म्हणजे औषध लागू पडतं हे ठाऊक असताना काही रुग्णांना मुद्दाम त्याशिवाय ठेवायचं. कुठला डॉक्टर याला तयार होईल? आणि चाचण्या नाहीत म्हणजे औषध नियंत्रकांची मंजुरी नाही. सक्तीचा परवाना हातात असला तरी गोळी केमिस्टच्या दुकानात पोचत नाही.