वांग की मुरमाचा डाग? रंग सारखा, कारण वेगळं

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "दादा, चेहऱ्यावरच्या काळ्या डागांवर काहीतरी द्या" म्हणा. डाग कसला, कुठे, कधीपासून, हे कुणी विचारत नाही. दादा मागे न बघता हात घालतात आणि ट्यूब काढून काउंटरवर ठेवतात. पुढची बाई मुरमांच्या डागांसाठी आलेली असो की वांगासाठी, ट्यूब बहुतेक वेळा तीच.

गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावरच्या तपकिरी डागांना आपण सरसकट ‘पिगमेंटेशन’ म्हणून मोकळे होतो. त्यांत सर्वाधिक गल्लत होते ती या दोघांची. एक वांग, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत मेलाझ्मा. दुसरा म्हणजे मुरूम, ओरखडा, भाजणं, डास चावणं असं काही होऊन गेल्यावर मागे राहिलेला काळसर डाग. त्याला डॉक्टर पीआयएच म्हणतात. मी इथे सोयीसाठी त्याला मुरमाचा डाग म्हणते, कारण चेहऱ्यावर तो बहुधा मुरमाचाच असतो.

दोन्हींत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त झालेलं असतं, म्हणून रंग सारखा दिसतो. फरक आहे तो ते का जास्त झालं यात. वरच्या मजल्यावरची गळती दुरुस्त झाली तरी छतावर ओलीचा डाग काही महिने राहतो, तसा मुरमाचा डाग. वांगात गळती चालूच असते, कधी थेंब थेंब, कधी धार. त्यामुळे पहिल्यात नवी इजा होऊ न देता वाट बघितली तरी निम्मं काम होतं. दुसऱ्यात नुसतं रंग काढत बसून भागत नाही, कारण खालून नवा रंग येतच राहतो.

आपल्या त्वचेत हे इतकं का होतं, तेही सांगते. रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसात साधारण सारखीच असते. सावळ्या त्वचेत त्या पेशी रंगाचे दाणे मोठे बनवतात आणि ते सुटे सुटे पसरलेले असतात. उन्हाविरुद्ध ही उत्तम ढाल आहे. पण या पेशी हळव्याही असतात. त्वचेला काहीही खुपलं, चिरडलं, भाजलं की त्यांचं उत्तर एकच: रंग बनवा. परदेशी व्हिडिओंत मुरूम गेल्यावर राहिलेल्या लाल डागांवर जे उपाय सांगतात, ते आपल्याकडे अनेकदा गैरलागू ठरतात ते यामुळेच. आपल्या गालावर तो लालपणा धड दिसतच नाही, डाग थेट तपकिरी होऊन समोर येतो.

ओळखायचं कसं? बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली नको. सकाळी खिडकीजवळ छोटा आरसा घेऊन बसा आणि आधी डागाची कड बघा. मुरमाचा डाग ज्या जखमेतून आला तिच्याच आकाराचा असतो, म्हणजे मसूर-हरभऱ्याएवढा ठिपका, इथे एक, तिथे तीन, उजव्या गालावर जास्त, डाव्यावर कमी. वांग नकाशासारखं पसरतं. कड वेडीवाकडी, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास सारखं. दोन्ही गालांची हाडं, कपाळ, नाकाचा दांडा, वरचा ओठ, कधी हनुवटी किंवा जबड्याची कड. मग आठवून बघा की त्या जागी आधी काही झालं होतं का. मुरमाच्या डागाला ‘आधी’ असतो. वांगाला बहुधा नसतो. ते गरोदरपणात येतं, कधी गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर, कधी आई-मावशीकडून आलेला कल असतो म्हणून, आणि उन्हात ठळक होतं. बायकांत जास्त, पण पुरुषांना होत नाही असं मुळीच नाही. दिवसभर बाइकवर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या कपाळाकडे नि गालांकडे कधी नीट बघा.

खरी पंचाईत वरच्या ओठावर होते. तिथला काळसरपणा, ज्याला पोरी वैतागून ‘मिशी’ म्हणतात, दोन्हींपैकी काहीही असू शकतो. वांग तिथे येतंच. पण दर पंधरा दिवसांनी अपरलिपचं थ्रेडिंग, कधी वॅक्स, त्यावर ब्लीच, हा क्रम वर्षानुवर्षं चालला की तीच जागा पुन्हापुन्हा सुजते आणि इजेचा डाग साचत जातो. आकारही फसवा, कारण दोरा दोन्ही बाजूंना सारखाच फिरतो, म्हणजे डागही दोन्ही बाजूंना सारखा! अशा वेळी गालाची हाडं आणि कपाळ बघावं. तिथे काहीच नाही आणि फक्त ओठावर पट्टा आहे, थ्रेडिंगनंतर दोन-तीन दिवस जळजळ होते, बारीक पुटकुळ्या येतात, असं असेल तर संशय दोऱ्यावर घ्यावा. दोन-तीन महिने तिथे दोरा, वॅक्स, ब्लीच सगळं बंद ठेवून बघावं. केस फार वाटले तर छोट्या कात्रीने कापावेत. पार्लरवाल्या ताई नाराज होतील, होऊ द्यात. डाग फिका पडायला लागला तर उत्तर मिळालं. तसाच राहिला आणि गालांवरही सावली दिसू लागली तर वांगाचा विचार करायला हवा.

आता ऊन. दोन्ही डाग उन्हाने गडद होतात, पण वांगाचं उन्हाशी वैर जास्त जुनं आहे. आठवडाभराच्या ट्रेकने सहा महिन्यांच्या औषधावर पाणी पडतं. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मार्च ते मे आकाश निरभ्र असतं तेव्हा अतिनील किरणांचा निर्देशांक दुपारी १० च्या वर जातो. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवायच्या आपल्या रीतीची जगाने थट्टा केली, पण त्वचेचा डॉक्टर तिला नावं ठेवणार नाही. फक्त वेळ ११ ते ३ असती तर आणखी बरं झालं असतं.

दुचाकीवर चेहरा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवणारा आपला सुप्रसिद्ध स्कार्फ उपयोगाचा आहे, पण अर्धाच. पातळ, फिक्या, धुऊन विरलेल्या सुती कापडातून बरेच किरण आत येतात. घट्ट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ बरा. तो नाकावर आणि गालांच्या हाडांवर रोज करकचून घासला गेला तर घर्षणाने वेगळाच काळसरपणा येतो, आणि ती जागा नेमकी वांगाचीच असल्यामुळे कोडं आणखी अवघड होतं. सैल बांधा आणि खाली सनस्क्रीन लावा.

पण कुठलं? इथे दोन डागांच्या वाटा वेगळ्या होतात. मुरमाच्या डागाला एसपीएफ ३० किंवा अधिक, पीए+++ असलेलं, हलकं, मुरुमं न वाढवणारं कोणतंही सनस्क्रीन चालतं. अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोचतात; एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो आणि पीए यूव्हीएबद्दल, म्हणून दोन्ही बघायचे. वांगाला मात्र डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही पुरतो, विशेषतः त्यातला निळा, आणि सावळ्या त्वचेवर त्याचा परिणाम जास्त. साध्या सनस्क्रीनमधून तो सरळ पार जातो. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे टिंट (त्वचेच्या रंगाची छटा) असलेलं सनस्क्रीन. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरांत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे शोधा. ते लाल, पिवळे आणि काळे आयर्न ऑक्साइड. झिंक ऑक्साइडने सावळ्या चेहऱ्यावर जो राखुंडी पांढरा थर दिसतो, तोही या टिंटमुळे झाकला जातो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. आपण लावतो ते बहुतेकदा वाटाण्याएवढं, आणि मग म्हणतो सनस्क्रीनने काही फरक पडत नाही. खिडकीच्या काचेतून यूव्हीए आत येतो, त्यामुळे बसमध्ये उन्हाच्या बाजूला बसून रोज हिंजवडी गाठणाऱ्यांनीही लावावं. मोबाइलच्या उजेडाची भीती मात्र बाळगू नका. सूर्यापुढे तो किस झाड की पत्ती.

औषधांची नावं बरीचशी सामायिक आहेत आणि गोंधळ तिथूनच वाढतो. ॲझेलाइक अॅसिड दोन्हींवर चालतं, मुरमांवरही चालतं, आणि गरोदरपणातही सुरक्षित समजतात. नायसिनमाइड सौम्य आहे. मुरमाच्या डागात अडापॅलीनसारखं रेटिनॉइड एका दगडात दोन पक्षी मारतं: नवी मुरुमं थांबवतं आणि जुना डाग हळूहळू उतरवतं. गरोदरपणात मात्र ते वापरायचं नाही. रात्री, वाटाण्याएवढंच, सुरुवातीला एक दिवसाआड. त्वचा सोलली, चुरचुरली तरी तसंच रेटत राहिलात तर त्या जळजळीचाच नवा डाग पडेल. आपल्या त्वचेत औषधाचा अतिरेक म्हणजेही इजाच. डाग वरच्या थरात असेल तर काही महिन्यांत उतरतो. निळसर-करडा असेल तर रंग खोल गेलाय, काही वर्षंही लागू शकतात.

वांगासाठी डॉक्टर अनेकदा तीन औषधांचं मिश्रण देतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. या मिश्रणाची मूळ कल्पना १९७५ सालची, क्लिगमन यांची. ठरावीक आठवडे, रात्री, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरलं तर उत्तम काम करतं. पण आपल्याकडे तीच ट्यूब गोरं व्हायचं क्रीम म्हणून वर्षानुवर्षं चोळली जाते. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, वहिनी नाव सांगतात, ट्यूब सोसायटीभर फिरते. मग त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, मुरुमं नि लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन आग होते. हायड्रोक्विनोन अतिकाळ लावलं तर निळसर-काळा, जवळजवळ न जाणारा ऑक्रोनोसिस नावाचा डाग पडू शकतो. म्हणजे यापेक्षा वांग परवडलं, असं म्हणायची वेळ. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जातात का, हे त्या काउंटरसमोर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. ट्यूबवरच्या घटकांत मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल असं काही असेल आणि ती तुम्हाला कुणी लिहून दिलेली नसेल, तर लावू नका. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंदही करू नका. कशी सोडायची ते डॉक्टरांना विचारा.

हट्टी वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्याही देतात. रक्तस्राव थांबवणारं हे औषध आहे, त्यामुळे रक्ताच्या गाठी होण्याचा इतिहास असेल तर घेता येत नाही. ही मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून घ्यायची गोष्ट नव्हे. लेझरचंही तसंच. मुरमाच्या डागात जपून केलेली पील (औषध लावून त्वचेचा वरचा थर उतरवणं) कामाला येते, पण वांगावर जोरदार लेझर मारलं तर काही आठवडे चेहरा लखलखतो आणि मग रंग दुप्पट होऊन परततो. लग्नाला महिना उरला असताना तर हा जुगार मुळीच नको.

घरगुती उपायांत जायफळ उगाळून लावायची चाल जुनी आहे. कुणाला सोसतं, कुणाला भाजतं, आणि भाजलं की मुरमाच्या डागाचा नवा भाऊ तयार. लिंबाचा तर निषेधच करते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्यातल्या द्रव्यांमुळे त्वचा पोळते आणि पट्टेच्या पट्टे काळे पडतात. मुरमावर टूथपेस्ट, खसखसून स्क्रब, बेकिंग सोडा, हे सगळं त्याच यादीत. मसूरडाळीचं पीठ नुसतं लावून धुतलं तर हरकत नाही, घासलं तर आहे.

या दोघांच्या गर्दीत तिसरेही घुसतात. मान आणि काखा मखमलीसारख्या जाड, काळ्या झाल्या असतील तर क्रीमपेक्षा साखर तपासणं महत्त्वाचं. केसांच्या कडेने, कानासमोर, मानेवर राखाडी-जांभळट सावली येत असेल तर हेअर डाय किंवा सुगंधी तेलावर नजर ठेवा. टिकलीच्या गोंदाने तर कपाळावर काळा डागही पडतो आणि पांढराही.

ठरवता येत नसेल तर स्किनच्या डॉक्टरकडे जा; पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या ओपीडीतही त्वचारोग विभाग आहे. वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली किंवा डर्मोस्कोप या भिंगाने रंग कुठल्या थरात आहे याचा अंदाज घेतात, जरी फार सावळ्या त्वचेवर तो दिवा तितकासा बोलत नाही. दोन्ही डाग एकाच चेहऱ्यावर असणं तर नेहमीचंच आहे. मुरुमं येत असलेल्या पस्तिशीतल्या बाईला वांगही असतं. अशा वेळी आधी मुरुमं आटोक्यात आणतात आणि टिंटचं सनस्क्रीन पहिल्या दिवसापासून सुरू करतात. जाताना मेकअप नको, आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, अगदी पिळून चपट्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. "ती पांढरी-निळी ट्यूब हो, नाव नाही आठवत" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.