एकदांडीच्या एका फुलात किती फुले?

मोबाइलवर फोटो काढला की झाडाचे नाव सांगणारी अ‍ॅप आता सर्रास वापरली जातात. पिवळ्या फुलाचा वरून फोटो घ्यायचा, येईल ते नाव खरे मानायचे आणि पुढे चालू पडायचे. अ‍ॅप कामाची आहेत, पण त्यांना दिसतो तो फुलाचा दर्शनी भाग. कूळ ठरवणाऱ्या बऱ्याच खुणा आत दडलेल्या असतात. रंगावर तर मुळीच जाऊ नये: तेरडा एकाच जातीचा असूनही गुलाबी, पांढरा, जांभळा असा फुलतो. म्हणून एक ब्लेड, एक सुई आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि फूल उसवायला बसा.

निदलपुंज (बाहेरची हिरवी दले), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर, म्हणजे नरभाग), जायांग (मादीभाग) ही फुलाची चार मंडले शाळेत पाठ केलेली असतात. बाहेरून आत एकेक भाग काढून कागदावर ओळीने मांडायचा. मोजायचे तर खरेच, पण कोण कोणाला चिकटले आहे ते आधी बघायचे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1735 साली मुख्यतः पुंकेसरांवरून वनस्पतींचे 24 वर्ग पाडले. सोय झाली, पण नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या वनस्पतीही एका घरात आल्या. मोहरीच्या फुलात सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड. वाटाण्याच्या फुलात दहांपैकी नऊ जुळलेले, एक सुटा. जास्वंदीच्या कुळात सगळ्यांचे तंतू जुळून नळीच तयार होते.

माझे आवडते फूल मात्र एकदांडी. मूळ उष्ण अमेरिकेतले हे तण आता उष्ण प्रदेशांत जवळपास सगळीकडे माजले आहे. लांब दांड्यावरचे ते ‘फूल’ मधोमध उभे चिरा. आत दिसतात दाटीने बसलेली कितीतरी इवली फुले. कडेच्या पाच-सहा ‘पाकळ्या’ म्हणजे प्रत्येकी एक स्वतंत्र मादीफूल, टोकाला तीन दात असलेले. मधली पिवळी फुले द्विलिंगी. त्यातले एक सुईने ओढून काढा. खाली अंडाशय, त्यात एकच बीजांड. अंडाशयाच्या डोक्यावर पिसासारखे केस. निदलपुंजाचेच हे बदललेले रूप पुढे फळाला वाऱ्यावर नेते.

आता नळीसारखी पाकळी हळूच चिरा. पाच परागकोश कडेला कड जुळवून नळी करून उभे असतात आणि पराग सांडतात तो नळीच्या आत. कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयावरचा दांडा, खालून वाढत या नळीतून वर येतो आणि बाटली घासायच्या ब्रशसारखा पराग ढकलत बाहेर काढतो. तोवर त्याच्या दोन्ही शाखा मिटलेल्या असतात. पराग ग्रहण करणारा भाग त्यांच्या आतल्या बाजूला, त्यामुळे अंगभर स्वतःचा पराग माखूनही तो कोराच राहतो. पराग कीटकांनी नेला की शाखा उलगडतात. आधी नर, मग मादी! सूर्यफुलाच्या या कुळात 25,000हून अधिक जाती आहेत. परागकोशांची अशी नळी दिसली की कूळ बहुतेक ठरलेच.

हे बघितल्यावर ‘चारशे वर्षांतून एकदाच फुलणारे दैवी फूल’ असले फॉरवर्ड वाचवत नाहीत. चमत्कार हवा तर पायाखालचे तण उचला.

शेवटची चिरफाड अंडाशयाची, आडवी. तीन कप्पे दिसले तर एकदल वनस्पतीचा संशय घ्या, पण पाकळ्याही तीनच्या पटीत आहेत का ते पडताळा, कारण द्विदल असलेल्या एरंडातही तीनच कप्पे असतात. धोतरा तर सरळसरळ फसवतो. त्याचे अंडाशय मध्यावर कापले तर चार कप्पे, शेंड्याजवळ कापले तर दोनच. खरे कप्पे दोन. खालच्या भागात खोटा पडदा येऊन त्यांचे चार होतात. फक्त धोतरा कापल्यावर हात साबणाने धुवा आणि तोवर डोळे चोळू नका, नाहीतर त्यातल्या अल्कलॉइड नावाच्या विषारी द्रव्यांमुळे बाहुली बराच वेळ विस्फारलेली राहते.