तणनाशक फवारणाऱ्याच्या श्वासातली हवा मोजणे

फवारणी करणारा माणूस कामाच्या वेळात श्वासावाटे किती तणनाशक आत घेतो, ते मोजायची पद्धत. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदूरलाच आहे, आणि पावसाळ्यात सांवेर, देपालपूर, महूकडे पेरणी झाली की लगेच पेंडीमेथालिन, मग तण उगवल्यावर इमाझेथापायर, अशी पाठीवरच्या पंपाने फवारणी सुरू होते, त्यामुळे इथल्या ज्या मराठी घरांची शेती बटाईवर दिलेली आहे त्यांनी तरी हे समजून घ्यायलाच हवं.

मशीन बांधावर ठेवून काही कळत नाही. हवा मजुराच्या नाकातोंडाजवळची हवी, साधारण ३० सेंटीमीटरच्या आतली. म्हणून कमरेला बॅटरीवर चालणारा छोटा पंप, तिथून वर जाणारी नळी, आणि कॉलरला काचेची ट्यूब, तोंड खाली करून. ट्यूबमध्ये आधी फिल्टर आणि त्यामागे एक्सएडी-२ रेझिनचे (वाफ शोषून घेणारे बारीक दाणे) दोन थर असतात, थेंब फिल्टरवर अडकतात, वाफ रेझिन धरून ठेवतं, आणि मागच्या थरात जास्त माल निघाला तर समजायचं की पुढचा भरून गेला, ते सॅम्पल बाद. पेंडीमेथालिनची थोडी वाफ फवारणीनंतरही ओल्या मातीतून उठत राहते म्हणून तिथे रेझिन लागतंच, ग्लायफोसेट या तणनाशकाची वाफ जवळजवळ होतच नाही, त्याचे फक्त थेंब पकडायचे.

कमरेच्या पंपाचा फ्लो, म्हणजे मिनिटाला तो किती हवा ओढतो, कामाआधी आणि कामानंतर दोन्ही वेळा तपासायचा. हिशोब सोपा आहे: मिनिटाला १ लिटर हवा, ४ तास, म्हणजे २४० लिटर, म्हणजे ०.२४ घनमीटर. लॅबमध्ये १२ मायक्रोग्रॅम निघालं तर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. उरलेले ४ तास तो माणूस औषधापासून लांब असेल तर ८ तासांची सरासरी २५. अमेरिकेत २,४-डी साठी ही ८ तासांची कायदेशीर मर्यादा घनमीटरला १० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे गव्हात वापरतात तेच हे औषध.

पण सरासरीत एक गोष्ट दडते. बाटली उघडून घट्ट औषध टाकीत ओतायचं काम काही मिनिटांचंच असतं, म्हणून मिक्सिंगचं सॅम्पल वेगळं घ्यावं असं माझं ठाम मत आहे. शिवाय ट्यूब गमछ्याच्या बाहेर असते, म्हणजे ती हवेत किती आहे ते सांगते, छातीत किती गेलं ते नाही, आणि साधा गमछा वाफ अडवत नाही.

आणि हवेत कमी निघालं म्हणून मजूर सुरक्षित, असं अजिबात धरू नका! उघड्या शेतात बहुतेक औषध अंगावर पडतं, हातांवर, आणि गळक्या टाकीमुळे पाठीवर. म्हणून हवेबरोबर हातमोजे आणि कपड्यांवर लावलेले पॅच (औषध शोषणारे छोटे तुकडे) तपासतात, आणि २,४-डी असेल तर लघवी, कारण ते शरीरातून बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपडे आणि श्वसनासाठीची साधनं दोन्ही सांगितलेली आहेत आणि तणनाशकंही त्यात येतात, तेव्हा ती साधनं मजुराने स्वतःच्या पैशाने आणावीत ही अपेक्षा चुकीची आहे.